मगरिब ते इशा



या सदरात मी बहुतेक वेळा शाळेतल्या मुलांबद्दल लिहिते. या वेळी घरातल्या मुलाबद्दल लिहिणार आहे, आणि चूक माझी आहे, हे आधीच सांगते.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाच्या शाळेत पालकसभा होती. तो तेव्हा पाचवीत होता. माझी शाळा त्याच वेळेत भरते, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "बाई, हा दोन महिन्यांपासून फळ्यावरचं शेजारच्या मुलाच्या वहीत बघून लिहितो. मी त्याला पहिल्या बाकावर आणला आहे. डोळे तपासून घ्या एकदा." मी गप्प झाले. दर वर्षी जूनमध्ये माझ्या वर्गातली कोणती मुलगी डोळे बारीक करून फळ्याकडे बघते, कोण वही नाकाजवळ धरते, हे मला आठवडाभरात कळतं. आजवर कितीतरी मुलींच्या पालकांना बोलावून मी चष्म्याचं सांगितलं आहे. माझ्याच घरातल्या मुलाचं मात्र मला कळलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांना पावणेदोनचा नंबर निघाला. परत येताना रिक्षात मी त्याला म्हटलं, "अरे, मग सांगायचं नाही का?" तो म्हणाला, "मैं बोला था ना अम्मी तुमको. दो बार बोला. तुम हूँ बोले."

त्यात त्याचा राग नव्हता. तो आपला बाहेर बघत बसला होता. मला आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना, तो मला कधी म्हणाला होता ते. पण "हूँ" मीच म्हणाले असणार, यात शंका नव्हती, कारण ते मी दिवसातून कितीतरी वेळा म्हणते.

वेळ जातो कुठे?

आम्ही मिरजेत राहतो. मुलांचे अब्बा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. मी उर्दू शाळेत शिकवते. घरात सासूबाई आहेत, मुलगी नववीत आहे. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या घरासारखंच घर.

शिक्षकाला पाच वाजता सुट्टी होते, असं लोकांना वाटतं. शाळा सुटते हे खरं. पण पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, हे सगळं पिशवीतून आणि मोबाइलमधून घरी येतं. शाळेचे तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. रात्री नऊ वाजताही "माहिती तातडीने पाठवा" असा मेसेज येतो.

त्या पालकसभेनंतर मी एक साधी गोष्ट केली. वर्गात मुलींना वेळापत्रक लिहायला लावते, तसं स्वतःचं लिहिलं. सात दिवस संध्याकाळी पाच ते रात्री अकरा मी काय करते, हे वहीच्या मागच्या पानावर अर्ध्या अर्ध्या तासाने टिपून ठेवलं. आठवड्याच्या शेवटी जे दिसलं, त्याची मला लाज वाटली. स्वयंपाक आणि भांडी यात रोज दोन तासांच्या वर. शाळेचं काम दीड तास. आणि मोबाइल, म्हणजे कामाचा नव्हे, असाच हातात घेतलेला, कुठे वीस मिनिटं, कुठे अर्धा तास, मिळून रोज जवळजवळ तासभर. मुलांबरोबर घालवलेला वेळ म्हणून मी जे लिहिलं होतं, त्यात "अभ्यास घेतला", "ओरडले", "जेवायला वाढलं" एवढंच होतं. नुसतं बसून बोलले, असं सात दिवसांत दोनदाच लिहिलेलं होतं.

वेळ नव्हता हे खरं होतं, पण अर्धंच. जो होता तोही मी तुकड्या-तुकड्यांत उधळत होते.

हक्क कुणाचा?

आपण घरच्यांना वेळ देण्याबद्दल बोलतो, तेव्हा जणू उपकार करतो अशा सुरात बोलतो. सगळी कामं आटोपली, थोडा वेळ उरला, तर मुलांना दिला. आपल्या दीनमध्ये मात्र याला उरलेला वेळ म्हटलेलं नाही, हक्क म्हटलेलं आहे.

हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. सहीह बुखारीत तो आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या दोघांत बंधुत्वाचं नातं जोडून दिलं होतं. एकदा हजरत सलमान त्यांच्या घरी गेले, तेव्हा अबू दरदा यांच्या पत्नी अगदी साध्या, विस्कटलेल्या वेशात दिसल्या. त्यांनी कारण विचारलं. त्या म्हणाल्या की, तुमच्या भावाला या दुनियेचं काही लागतच नाही. अबू दरदा दिवसा रोजा ठेवत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. हजरत सलमान यांनी त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावलं, रात्री उठू लागले तेव्हा झोपायला सांगितलं, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांना समजावलं की, तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या स्वतःच्या जिवाचा हक्क आहे आणि तुमच्या घरच्यांचाही हक्क आहे. ज्याचा त्याला देऊन टाका. ही हकीकत प्रेषितांच्या (स.) कानावर गेली, तेव्हा सलमान खरं बोलले, असं त्यांनी सांगितलं.

हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या आठवड्यात मला त्यातली एक गोष्ट नव्याने लक्षात आली. अबू दरदा (रजि.) काही वाईट कामात गुंतले नव्हते. ते इबादतमध्ये होते. इबादतीच्या कारणानेही घरच्यांचा हक्क मागे टाकता येत नसेल, तर ऑनलाइन माहिती भरण्याच्या कारणाने कसा टाकता येईल?

हजरत आयशा (रजि.) यांना कुणी विचारलं की, प्रेषित (स.) घरात असताना काय करत असत? त्यांनी उत्तर दिलं की, ते घरच्यांच्या कामाला हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी निघून जात. ज्यांच्यावर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती, ते घरात आले की घरचे होऊन राहत. हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाने, अबू उमैरने, एक छोटा पक्षी पाळला होता. त्या पक्ष्याचं काय झालं, हे प्रेषित (स.) त्या मुलाला आवर्जून विचारत. मुलाच्या दुनियेत पक्षी ही मोठी गोष्ट होती, म्हणून त्यांच्यासाठीही ती विचारण्याजोगी होती.

आम्ही काय ठरवलं

रविवारी दुपारी आम्ही सगळे बसलो. मी वहीचं पान सगळ्यांपुढे ठेवलं. मुलांच्या अब्बांनी ते वाचलं आणि म्हणाले, माझं लिहिलं तर याहून वाईट निघेल. मग एकच गोष्ट ठरवली. मगरिब ते इशा हा वेळ घराचा.

हीच वेळ का? एक तर ती आपल्याकडे आधीच ठरलेली आहे. अजान झाली की कळतं. आपण नमाज वेळेवर अदा करू शकतो, कारण तिची वेळ आपल्या सोयीवर सोडलेली नाही. "फुरसत मिळाली की मुलांशी बोलेन" हे मी वर्षानुवर्षं म्हणत होते आणि फुरसत मिळत नव्हती. दुसरं, आपल्या घरांतली ही जुनीच रीत आहे. माझी आजी अंगणात उभी राहून हाक मारायची, "मगरिब हो गई, घर में आव." अंधार पडू लागला की मुलांना घरात घ्या, अशी हदीस आहे, हे मला मोठेपणी कळलं. आजीला ती माहीत होती. आता मुलं मगरिबला घरातच असतात. प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात, हातात मोबाइल घेऊन.

आमचे नियम तीनच आहेत. मगरिबची अजान झाली की सगळ्यांचे मोबाइल फ्रिजवरच्या टोपलीत. जेवण इशाच्या आधी, सगळ्यांनी एका दस्तरखानवर. आणि दस्तरखानवर अभ्यास, मार्क आणि तक्रार हे तीन विषय काढायचे नाहीत. तिसरा नियम मुलीने सुचवला. ती म्हणाली, जेवताना तुम्ही नेहमी तेच विचारता, म्हणून मी लवकर उठते.

पहिले आठ दिवस फार अवघड गेले. खोटं कशाला सांगू? दस्तरखानवर सगळे गप्प. अभ्यास आणि मार्क बाजूला ठेवल्यावर मुलांशी काय बोलायचं, हे मला सुचेना. वर्गात चाळीस मुलींशी तासन्तास बोलणारी बाई मी. सासूबाईंनीच सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी मिरज जंक्शनवर गाडी बदलायला त्यांचे अब्बा त्यांना कसे खांद्यावर घेऊन पळाले, ते त्यांनी सांगितलं. मुलगा विचारू लागला, मग पुढे? दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून शाळेतल्या एका मांजरीची गोष्ट सांगितली. ती मांजर पोषण आहाराच्या खोलीत पिल्लं घालून बसली होती. पंधरा दिवस आमच्याकडे त्या पिल्लांच्याच बातम्या चालल्या. मला अबू उमैरचा पक्षी आठवत होता.

महिन्याभराने, मांजरीच्या गोष्टीतच, त्याने सहज सांगितलं की, वर्गातली दोन मोठी मुलं त्याचा चष्मा काढून घेतात. त्याने हे सांगण्यासाठी वेगळी वेळ मागितली नव्हती. मुलं तशी मागतही नाहीत. बाकीच्या दहा गोष्टी ऐकून घेतल्यावर अकरावी गोष्ट ती सांगतात. आपण दहा ऐकल्या नाहीत, तर अकरावी आपल्यापर्यंत येत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वर्गशिक्षिकांना भेटले आणि ते थांबलं.

स्वयंपाकघराचा प्रश्न

आता एक गोष्ट बंधूंसाठी. बहिणींनो, हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवा.

मगरिब ते इशा सगळ्यांनी बसायचं ठरलं, पण त्या वेळी मी चपात्या लाटत होते. सगळे गप्पा मारणार आणि मी स्वयंपाकघरातून ऐकणार! चौथ्या दिवशी मी ते बोलून दाखवलं. नोकरी करणाऱ्या बाईला "मुलांना वेळ द्या" असं सांगणं सोपं आहे. ती तो वेळ आणणार कुठून? तिच्या हातातलं काम कुणी तरी घेतल्याशिवाय तो निघत नाही.

आमच्याकडे आता भाजी निवडणं आणि चिरणं मुलांचे अब्बा करतात, ज्या आठवड्यात ते संध्याकाळी घरी असतात तेव्हा. दस्तरखान घालणं-उचलणं मुलाकडे. भांडी मुलगी आणि मी एक दिवसाआड. मुलगा हे काम करतो म्हणून पाहुण्यांत कुणी हसलं, तर सासूबाई त्यांना प्रेषितांच्या (स.) घरकामाची हदीस सांगतात. मग कुणी हसत नाही.

जेवणात एक कालवण, चपाती किंवा भात, बस. रोज दोन-तीन पदार्थ हवेत, हा हट्ट आम्ही सोडला. सहाबांनी एकदा तक्रार केली होती की, आम्ही खातो पण पोट भरत नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारलं की, तुम्ही वेगवेगळे बसून खाता का, आणि एकत्र बसून, अल्लाहचं नाव घेऊन खायला सांगितलं; त्यात बरकत असते. चार वेळा चार ताटं गरम करण्यात जो वेळ आणि गॅस जायचा, तो वाचला, ही बरकत तर आम्ही डोळ्यांनी पाहिली.

प्रत्येक घराची मगरिब वेगळी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे हे जमणार नाही. बरोबर आहे. आमच्याकडेही तीनपैकी एका आठवड्यात जमत नाही. दुसऱ्या पाळीला मुलांचे अब्बा दुपारी तीनला जातात आणि रात्री अकरानंतर येतात. त्या आठवड्यात फजरनंतरचा अर्धा तास त्यांचा. मुलं चहा-बिस्किट घेऊन त्यांच्याजवळ बसतात. ते झोपेत असतात, पण असतात. यासाठी रात्री लवकर झोपावं लागतं. इशानंतर विनाकारण जागणं प्रेषितांना (स.) आवडत नसे, यातली सोय आम्हाला आता कळली.

माझी नणंद रत्नागिरीकडे दिली आहे. तिचे मिस्टर कुवेतला आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच कथा. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे. ते सहाला कामावरून सुटतात, तेव्हा इथे साडेआठ वाजलेले असतात. पूर्वी ते जेव्हा फोन करतील तेव्हा मुलं झोपेला आलेली किंवा टीव्हीपुढे. "काय केलंस? अभ्यास केला? अम्मीला दे." एवढ्यात फोन संपायचा. आता त्यांनी शुक्रवार ठरवला आहे. तिथे सुट्टी असते. जुम्याच्या नमाजनंतर ते फोन समोर ठेवून जेवतात, इथे मुलं त्या वेळी दुपारचा चहा घेतात. मुलगी त्यांना वहीतली चित्रं दाखवते. हजारो मैलांवरून त्यांना माहीत असतं की, तिच्या कोणत्या मैत्रिणीशी भांडण झालं आहे. एका घरात राहणाऱ्या कितीतरी बापांना ते माहीत नसतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई इथल्या एका दवाखान्यात आया आहे. पाळ्या कधीही बदलतात. तिला मी हा तासाभराचा नियम सांगितला तर तो तिच्यावर आणखी एक भार होईल. तिने स्वतःच मार्ग काढला आहे. ती मुलीला रोज तेल लावून वेणी घालते, मग सकाळी असो की रात्री. ती दहा मिनिटं फक्त त्या दोघींची. त्या मुलीशी बोलताना कळतं की, हिचं घरी कुणी तरी ऐकतं.

नोकरदार बहिणींना एक माहितीही देऊन ठेवते. राज्य शासनाच्या सेवेतल्या महिलांना, त्यात शिक्षिकाही आल्या, 2018 पासून मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मुलाचं आजारपण, परीक्षा यांसाठी ती आहे. माझ्या ओळखीच्या अनेक जणींनी ती मागितलेलीच नाही. अटी आपल्या कार्यालयात विचारून घ्या आणि गरज असेल तेव्हा संकोच न करता अर्ज करा.

आणि घर म्हणजे फक्त मुलं नव्हेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे आम्हाला माहीत होतं. पण त्या दस्तरखानवर मांडी घालून बसू शकत नाहीत, म्हणून दोन वर्षं आपलं ताट खोलीत मागवून घेत होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, त्यांना एकांत आवडतो. आता त्यांच्यासाठी एक पाट-चौरंग ठेवला आहे आणि आम्ही सगळे त्यांच्या भोवती बसतो.

शेवटचं

काही जण म्हणतील, आम्ही राबतो ते कुणासाठी? घरच्यांसाठीच ना? नक्कीच. हलाल कमाई करून घरच्यांवर खर्च करणं, पत्नीच्या मुखी घातलेला घाससुद्धा, हे पुण्याचं काम आहे, असं आपल्याला शिकवलेलं आहे. ज्यांना दोन ठिकाणी काम केल्याशिवाय घर चालवता येत नाही, त्यांना दोष देण्यासाठी हा लेख नाही. पण ज्यांच्याकडे अर्धा तास आहे आणि तो मोबाइलमध्ये जातो, त्यांच्यासाठी आहे. त्यात मी पहिली.

परवाच मुलगा काही तरी सांगत होता आणि मी वह्या तपासता तपासता "हूँ" म्हणाले. तो थांबला आणि म्हणाला, "अम्मी, फिर हूँ?" मी पेन खाली ठेवलं. वर्ष झालं तरी सवय गेलेली नाही. फरक एवढाच की, आता तो मला अडवतो. पूर्वी तो गप्प बसायचा.

या महिन्यात एवढंच करून बघा. आठवड्यातून तीन दिवस, सगळे मिळून एक जेवण, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही तर घाबरू नका. घरात वडीलधारं कुणी असेल तर त्यांना त्यांच्या लहानपणाचं विचारा, ते सुरुवात करून देतील.

अल्लाह आपल्या सर्वांच्या वेळेत बरकत देवो, आपल्या मुलांना आपल्या डोळ्यांचा गारवा बनवो, आणि ज्यांचा हक्क आपल्यावर आहे, तो ज्याचा त्याला देण्याची तौफीक देवो. आमीन.